आबांची घोंगडी आणि माझं नाक

माणसाचं नाक आतून कसं दिसतं हे रोज बघणाऱ्या बायका आमच्या शिरूर कासार तालुक्यात किती निघतील, मला माहीत नाही. मी त्यातली एक. बारावी झाल्यावर लग्न होऊन बीडला आले, एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कामाला लागले आणि अजून तिथंच आहे. नंबर लावायचे, अवजारं उकळायची, पेशंटच्या मागं उभं राहून त्याचं डोकं घट्ट धरायचं आणि डॉक्टरांनी नाकात चिमटा घातला की त्याच्या कानाशी सांगायचं, "तोंडानं श्वास घ्या. तोंडानं." दिवसभर हेच म्हणत असते, त्यामुळं घरी नवरा शिंकला तरी माझ्या तोंडून तेच निघतं. माझा स्वभाव तापट आहे, राग कायम नाकावर. पण पेशंटच्या कानाशी बोलताना आवाज आपोआप मऊ होतो. घरच्यांच्या वाट्याला तो आवाज येत नाही अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरी आहे.

लोकांना वाटतं, नाक म्हणजे चेहऱ्यावर दिसतं तेवढंच. ते नुसतं बाहेरचं पडवीचं छप्पर. खरं नाक आत असतं, आणि ते वर कपाळाकडं जात नाही, सरळ मागं घशाकडं जातं. मधोमध पडदा. पुढचा भाग कुर्चेचा, बोटानं लवणारा, मागचा हाडाचा. हा पडदा सरळ असलेला माणूस मी क्वचितच बघितलाय. जन्मल्यावर आज्या-मावश्यांनी तेल लावून कितीही नाक ओढलेलं असो, आतून सगळ्यांचं वाकडंच. दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकाखाली एक अशा मांसल वळ्या असतात, लालसर, ओल्या, रक्तानं भरलेल्या. बाहेरची कोरडी गार हवा त्यांच्यावरून घासून जाते आणि छातीत उतरेपर्यंत कोमट, ओलसर होते. या वळ्या पाळीपाळीनं फुगतात. एक नाकपुडी काम करते तेव्हा दुसरी अर्धी मिटून विसावा घेते, आणि काही वेळानं अदलाबदल होते. आपल्याला पत्ताही नसतो.

वास कळायची जागा मात्र इतकी लहान असते की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खोटंच वाटलं. नाकाच्या अगदी छताशी, नखाएवढी. मेंदूतून बारीक तंतू हाडाच्या चाळणीतून खाली उतरतात आणि तिथं संपतात. कोथिंबीर, रॉकेल, बाळाची टाळू, जळलेलं दूध, सगळं त्या नखाएवढ्या जागेत कळतं. आजूबाजूला, कपाळात आणि गालांत, पोकळ्या असतात. त्यांची दारं बारीक. सर्दीनं ती दारं सुजून बंद झाली की आत पू साचतो, आणि माणूस वाकून चप्पल घालायला गेला की डोकं धरून खाली बसतो.

आमच्या दवाखान्यात येणारा निम्मा जिल्हा मात्र एकच आजार घेऊन येतो. खुर्चीत बसायच्या आत सांगतो, "हाड वाढलंय नाकातलं." कुणी सांगितलं? मेव्हण्यानं. हाड वगैरे काही वाढलेलं नसतं. कुणीतरी बॅटरी मारून आतली सुजलेली वळी बघितलेली असते आणि तिला हाड म्हणून टाकलेलं असतं. नारायणगडाच्या यात्रेतली धूळ खाऊन आलेला असो, बाजरीच्या खळ्यावरून आलेली असो, नाहीतर उसाच्या फडातला पाचटाचा धूर हंगामभर ओढून परतलेली जोडपी असोत, सगळ्यांचं हाडच. एकदा नाव पडलं की माणूस निवांत होतो. हाड काय, वाढतंय, वाढू द्या.

वैशाखात घोळणा फुटलेले येतात. तिथंही तेच. डोकं मागं टाकायचं, कांदा हुंगायचा, आणि रक्त सगळं पोटात. एकदा नेकनूरच्या एसटीत एका म्हातारीच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. कंडक्टर कांदा शोधत सगळ्यांच्या पिशव्या चाचपत होता. मी त्याला बाजूला सारून म्हातारीला पुढं वाकवलं आणि नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत दाबून धरला. "अगं सोड की बाई, जीव घेतीस का," ती म्हणत होती. मी म्हटलं, "आजी, तोंडानं श्वास घ्या." रक्त थांबल्यावर तिनं मला पिशवीतली मूठभर शेव दिली, आणि कंडक्टरनं माझ्याकडं इतक्या गुर्मीत बघितलं की तिकिटाचं सुटं परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं मला माहीत होतं, आणि माझ्या बापाच्या नाकात काय चाललंय ते मात्र शेवटपर्यंत बाहेरूनच बघत बसावं लागलं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर मेंढपाळाचं. शिरूरच्या पुढं माळावर थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळं मेंढरांवर. आबांचं नाक मोठं, खाली जरासं वाकलेलं, आणि कामाचं. पाऊस कुठल्या अंगाला पडून गेला ते वाऱ्यावरून सांगायचे. मेंढराच्या लोकरीखाली जखम सडायला लागली तर हातभर अंतरावरून त्यांना कळायचं. कळपातून तेवढीच मेंढी ओढून काढायचे आणि लोकर बाजूला करायचे, तर आत ती जखम असायचीच.

मेंढीचंही सगळं नाकावर. ती आपलं कोकरू डोळ्यांनी ओळखत नाही. व्याल्यावर त्याला चाटते तेवढ्यात त्याचा वास तिच्या डोक्यात बसतो, आणि मग दुसरीचं कोकरू सडाला आलं की ढुशी मारून उडवते. एखादीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं आईवाचून राहिलं, तर आबा मेलेल्या कोकराचं कातडं काढून जिवंत कोकराच्या पाठीवर बांधायचे. मेंढी यायची, कोकराच्या शेपटीपाशी हुंगायची, थांबायची, परत हुंगायची, आणि पाजायची. मला लहानपणी याचा फार राग यायचा.

"आबा, तुमी तिला फसवायलाव," मी म्हणायचे.

"फसवायलो की," आबा म्हणायचे. "पन दोगंबी जगतेत का न्हाई?"

थोड्या दिवसांनी कातडं काढून टाकायचे. तोवर तिच्याच दुधाचा वास त्या कोकराला लागलेला असायचा, आणि खरं काय ते मेंढीला कळायची गरज उरलेली नसायची.

आबांचं उजवं नाक बंद राहायला लागलं ते एका उन्हाळ्यात. आता आमच्या मेंढरांचा उन्हाळ्यातला एक रोग सांगायला हवा, नाहीतर आबांनी काय केलं ते कळणार नाही. भर दुपारी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसून गोळा होऊन उभी राहतात. सावलीसाठी राहतातच, पण एका माशीला भिऊनही राहतात. ती माशी मेंढीच्या नाकपुडीशी बारीक आळ्या सोडून जाते. त्या आत चढतात, आणि मग मेंढी शिंकत सुटते, नाक मातीत घासते, एका बाजूनं रक्ताळलेला शेंबूड गाळते. आबा अशा मेंढीच्या नाकात तंबाखूचं पाणी सोडायचे. ती फडाफडा शिंकायची आणि पुष्कळदा आळी बाहेर पडायची.

तर आबांच्या एका नाकपुडीतून रक्ताळलेलं पाणी यायला लागलं, आणि आबांनी ठरवलं की माशी आपल्याला पण लागली. जन्मभर मेंढरांत राहिलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. तंबाखू भिजवून त्याचं पाणी स्वतःच्या नाकात घातलं. आई सांगत होती, डोळे पांढरे करून अंगणात लोळले. वर उठून म्हणतात, "पडंल आता, पडंल." माणसाच्या नाकातही आळ्या पडतात, नाही असं नाही, मी दवाखान्यात बघितल्यात आणि त्या दिवशी जेवले नाही. पण आबांना त्या नव्हत्या.

मला कळलं तेव्हा मी जाऊन इतकी भांडले की शेजारच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "तुमी काय मेंढरू हाय का? माझ्यासंगं बीडला चला."

"कावून? लई गर्दी असती तुज्या दवाखान्यात."

"मी नंबर लावती की. रक्त एकाच बाजूनं यायलंय आबा, ते साधं नसतं."

"आगं, हाड वाढलंय," आबा म्हणाले. "तुजा चुलता बी म्हनला."

झालं. हाडाचं नाव पडलं आणि आबा निवांत झाले. मी रोज जे ऐकून डोक्याला हात लावते ते माझ्याच घरात येऊन बसलं. दर रविवारी जायचे, भांडायचे, परत यायचे. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण आबांचं नाक आधीच दाबलेलं होतं आणि ते तोंड उघडायलाही तयार नव्हते. गाल बधिर झाला तर म्हणाले वारं लागलं. उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तर म्हणाले धूर गेला. शेवटी भाकरी खाताना वरची दाढ हातात आली, आणि दाढ मात्र त्यांना हाडाच्या हिशोबात बसवता येईना. मग आले.

आबा खुर्चीत बसले, मी मागं जाऊन नेहमीसारखं डोकं धरलं, आणि तो वास आला. दवाखान्यात वास नवे नसतात. कुजक्या दाढेचा येतो, जुन्या सर्दीच्या पुवाचा येतो, आणि लहान पोरांनी नाकात शेंगदाणा घालून विसरून गेलेला असतो त्याचा तर दारातच येतो. हा त्यातला नव्हता. गोडसर, ओला, बंद पिशवीत राहिलेल्या मटणासारखा. मेंढराच्या लोकरीखाली असा वास आबांना हातभरावरून कळला असता. पण त्यांच्या स्वतःच्या छताशी असलेली ती नखाएवढी जागा तोवर गेली होती. दोन नाकपुड्या, पण वास कशाचाच नाही. "भाकर आताशा माती लागती," ते आईला म्हणायचे, आणि आई पिठाला दोष द्यायची.

आईचं नाक तर त्या मोठ्या साथीत गेलं ते परत आलंच नाही. ताप आला, गेला, आणि वास घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या घरात दूध करपल्याशिवाय उतरत नाही. म्हणजे त्या घरात एकाच छपराखाली दोघं, आणि तो वास दोघांनाही कळत नव्हता. धाकटा भाऊ मेंढरांमागं दिवसभर बाहेर, तंबाखूनं त्याचंही नाक बोथट. मी रविवारी जाऊन भांडण करून परत यायचे ते दारातूनच. याचा मला अजून त्रास होतो, आणि कुणी समजूत घातली तर जास्त होतो.

गालाच्या पोकळीत गाठ होती. तिथून ती नाकात आली होती आणि खाली टाळूत उतरली होती. तुकडा तपासून आला. डॉक्टर हळू बोलतात, ते आणखी हळू बोलले. संभाजीनगरला मोठं ऑपरेशन, उजवा वरचा जबडा आणि अर्धी टाळू काढावी लागेल, मग शेक, म्हणजे कॅन्सरवर देतात ते किरण. टाळूच्या जागी कवळीसारखी तबकडी बसवतील, तिच्यावर खायचं, बोलायचं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. आई पदर तोंडाला लावून बसलेली. मग त्यांनी एकच विचारलं.

"मंग मेंढरं वळखतील का मला?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "न वळखायला काय झालं? लाह्या टाकल्या की येतील." आबांनी तो प्रश्न लाह्यांसाठी विचारला नव्हता, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्यात आबा घोंगडी घेऊन गेले. दुसरं पांघरूण त्यांना चालत नव्हतं. घोंगडी आमच्यात वर्षातून एकदा धुतात, तीही नुसत्या वाहत्या पाण्यात, आणि मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसाची तर कधीकधी तेवढीही नाही. वॉर्डात शेजारच्या खाटांवरची माणसं नाक मुरडायला लागली. कुणी भांडलं नाही, नुसती खिडकी उघडायची. आईला लाज वाटली. तिला वास येत नव्हता, पण माणसांची तोंडं दिसत होती. आबांना ऑपरेशनला आत नेलं त्या दिवशी तिनं ती घोंगडी गरम पाण्यात साबणाची पूड टाकून, वरून जंतुनाशक ओतून, स्वच्छ धुतली. इतकी मन लावून धुतली की जणू आतलं ऑपरेशन तिच्याच हातात होतं. मी तिला अडवलं नाही. मला पण तेव्हा स्वच्छच बरं वाटलं.

आबा शुद्धीवर आले आणि पांघरुणावर हात फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. बोलता येत नव्हतं. आईकडं बघून त्यांनी घोंगडीचं टोक उचलून दाखवलं. आई म्हणाली, "धुतली. घाण झालती." आबांनी टोक खाली सोडलं आणि डोळे मिटले.

शेक संपवून घरी आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अर्धं गाव उसाला गेलेलं, दारं ओढून घेतलेली, कडी-कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं. आबांचा उजवा गाल आत बसलेला, डोळा खाली ओढलेला. तबकडी बसवलेली असली की बोललेलं कळायचं, पण प्रत्येक शब्दात वारा शिरायचा. नाकाचा आवाजाशी संबंध असतो, हे सर्दी झाली की सगळ्यांना कळतं. त्या गालातल्या आणि कपाळातल्या पोकळ्या आवाजाला गोलाई देतात. आबांची एक बाजूच मोकळी केली होती.

दुसऱ्या दिवशीच त्यांनी माळावर जायचा हट्ट धरला. मी संगं गेले. भाऊ पडीक रानात मेंढरं चारत होता. आबा बांधावर उभे राहिले आणि त्यांनी हाळी दिली. त्यांची हाळी म्हणजे जीभ टाळूला लावून "डुर्रर्र हाऽ", ती ऐकली की लांबची मेंढरंही चरायचं सोडून यायची. जीभ लावायला टाळूच पुरती नव्हती. नुसता वारा आला, फुटक्या नळातून येतो तसा. त्यांनी परत दिली. मेंढरांनी माना वर केल्या. आबा खाली उतरून जवळ गेले, तशा पुढच्या मेंढ्या मागं सरल्या, आणि एक सरली की सगळ्या सरतात. सगळा कळप पाठ फिरवून चढावर गेला. कुत्रं तेवढं शेपूट हलवत आलं.

"ह्येनं वळखलं की," मी म्हटलं.

"ते भाकरीला वळखतंय," आबा म्हणाले. आणि खाली बसले. मग मला म्हणाले, "माय, मी हितं हाय का न्हाई?"

मला त्या मेंढरांचा असा राग आला. जन्मभर ज्यांच्या नाकातल्या आळ्या काढल्या त्यांनी तोंड फिरवावं. मी भावाला म्हटलं, एकेकीला कान धरून आण हितं. आबांनी हात वर करून मला गप्प केलं. "तेंचा काय गुन्हा? आवाज गेला, तोंड गेलं. वास तरी ठिवायचा व्हता." हे ते आईसमोर बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

त्याच संध्याकाळी त्यांनी भावाला सांगून घोंगडी मेंढरांच्या जाळीत, म्हणजे वाघरीत, खाली अंथरली. मेंढरं तिच्यावर बसली, मुतली, लेंड्या टाकल्या. आई रडकुंडीला आली. एवढी धुतलेली. आबा रोज सकाळी घोंगडी उचलायचे, झटकायचे, उन्हात टाकायचे आणि दिवस मावळताना परत अंथरायचे. काढलेल्या लोकरीनं ती चोळत बसायचे. मेंढरांजवळ मात्र जायचे नाहीत. लांब बांधावर बसून बघायचे. "एकदा वळखू दे," म्हणायचे, "मंग काय व्हायचं ते हू दे." आईनं पातळ करून दिलेले चार घास खायचे, तेही आईसाठी.

आणि वास परत आला की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आईलाही नाही. भावाला विचारलं तर तो पहिल्याच दिवशी म्हणाला, आला की. आबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी माझी वाट बघितली. रविवारी मी एसटीतून उतरून घरात पाऊल टाकायच्या आत घोंगडी पुढं केली.

"हुंग बरं. तुजं नाक तयार हाय."

मी हुंगलं. वर लेंड्यांचा वास, आणि खाली अजून ते साबण आणि जंतुनाशक. खोटं बोलावंसं वाटलं, पण मेंढरांसमोर ते उघडं पडलं असतं. "अजून न्हाई आबा." त्यांनी मान हलवली आणि घोंगडी परत न्यायला उठले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या वेळी मी म्हटलं, जरा कमी झालाय साबण. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, आईनं मला चुलीपाशी बोलावून सांगितलं.

मग थंडी पडली, माळावर मेंढरं एकमेकींना चिकटून बसायला लागली, आणि एका रविवारी मी गेले तर आबा घोंगडी खांद्यावर टाकूनच दारात उभे. हातात काठी. तबकडी बसवलेली, डोक्याला मुंडासं बांधलेलं. नवरदेव तयार होऊन बसावा तसे. म्हणाले, "आज बग. आज आलाच आसंल."

मी जवळ गेले आणि त्यांच्या खांद्याशी, उजव्या बाजूला, घोंगडीत नाक घातलं. मेंढरं आली होती. तेलकट लोकर, मूत, दूध, पाला, सगळं परत आलं होतं, साबणाचा मागमूस नव्हता. माझ्या लहानपणी आबा संध्याकाळी घरात शिरायचे तेव्हा जो यायचा तोच. मी खूश होऊन मान वर केली, आणि मान वर करताना त्यांच्या तोंडाजवळून माझं नाक गेलं.

गोडसर. ओला. शेक घेतलेल्या नाकात खपल्या धरतात, त्यांचा वास मला माहीत आहे, तो कोरडा असतो, मिठाच्या पाण्यानं धुतलं की जातो. हा तो नव्हता. मी परत एकदा हुंगलं, घोंगडी हुंगते आहे असं दाखवून. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं की परत आलं तर आता कापायला जागा नाही.

आबा माझ्याकडं बघत होते. एक डोळा खाली ओढलेला, दुसरा लहान मुलासारखा उघडा. "काय गं? अजून साबनाचा यायलाय का?"

"न्हाई."

"मंग? कसला यायलाय?"

"मेंढरांचाच हाय आबा," मी म्हटलं. "दुसरा कसलाच न्हाई." माझा आवाज तो दवाखान्यातला मऊ आवाज होता. घरात तो पहिल्यांदाच निघाला, पण त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते चालायला लागले. मी मागं मागं. भाऊ समोरच्या उतारावर होता, त्याला त्यांनी काठीनं खूण करून बाजूला व्हायला सांगितलं. हाळी दिली नाही. नुसते जाऊन कळपाच्या वाऱ्याच्या अंगाला उभे राहिले आणि घोंगडी दोन्ही हातांनी जराशी पसरली. मेंढरांनी माना वर केल्या. एक म्हातारी मेंढी पुढं आली, थांबली, मान लांब करून घोंगडीचं टोक हुंगलं. सोडलं. परत हुंगलं. मग तिनं डोकं घोंगडीच्या आत घातलं आणि आबांच्या मांडीला घासलं. तिच्यामागं दुसरी आली, मग सगळ्याच. आबा कमरेपर्यंत मेंढरांत बुडाले. खाली वाकून ते एकेकीच्या नाकपुड्या अंगठ्यानं पुसत होते आणि काहीतरी बोलत होते, ते वाऱ्यामुळं मला कळत नव्हतं.

मग ते वळले. गाल आत बसलेला, त्यामुळं हसू एकाच बाजूला आलं. "बघ," ते म्हणाले, हे मात्र कळलं, "वळखलं का न्हाई? ये, जवळ ये की."

मी गेले. मेंढरं बाजूला सारत त्यांच्याजवळ गेले, त्यांनी माझ्याही खांद्यावर घोंगडीचं टोक टाकलं, आणि मी तोंडानं श्वास घेत तिथं उभी राहिले.